मयत गोजराचा परवाना

दुसऱ्या राज्याची प्रजा झालेल्याने जुना परवाना परत केल्याशिवाय वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि परवाना परत करायचा तर तो वेशीच्या आत, भर दरबारात! निंबगडच्या मानधवल राजाने हा कायदा स्वतः लिहिला होता. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचून घेतला होता, आणि दोन्ही वेळा त्याला तो फार आवडला होता. यात जरा घोळ आहे, महाराज, असं सांगायची दरबारात कुणाची बिशाद नव्हती.

घोळ भोगायची पाळी आली गोजरा रंगारिणीवर. ती निंबगडची लेक, लग्न होऊन नदीपलीकडच्या कुसुमपुरात गेली होती. तिथे नदीकाठी रंगाची भांडी मांडायची तर माणूस त्याच राज्याची प्रजा हवी, म्हणून ती कुसुमपूरची प्रजा झाली. नवा परवाना मिळाला, जुना मात्र तिच्याकडेच राहिला. अशात निरोप आला की आईने अंथरूण धरलंय आणि सारखं तुझंच नाव घेते. गोजराने हातातलं ओलं लुगडं तसंच टाकलं आणि मिळेल ती नाव धरून अलीकडे आली.

वेशीवर सटवाजी नाकेदार बसला होता. "जुना परवाना जमा केल्याची पोच दाखव," तो म्हणाला.

"तोच जमा करायला आलेय. हा घ्या."

"मला घेता येत नाही. दरबारात द्यायचा."

"मग दरबारात जाऊ द्या."

"पोच असल्याशिवाय सोडता येत नाही."

"आणि पोच कुठे मिळते?"

"दरबारात," सटवाजी म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "मी तरी काय करू, पोरी? महाराजांनी रागाच्या भरात खाली आणखी एक ओळ घातलीय. जो परक्या राज्याची प्रजा झाला, तो निंबगडला मेला. आमच्या वहीत तू मेलेली आहेस बघ."

गोजराला रडू कोसळलं. आई हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये हा कागद. पण ती पक्की रंगारीण होती. डाग निघत नसला की अख्खं लुगडं त्याच रंगात बुडवायचं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिने डोळे पुसले.

"मेलेल्या माणसाच्या परवान्याचं काय करतात हो?"

"जवळचा नातलग दरबारात नेऊन देतो."

"त्याला नाही अडवत?"

"छे, सुतकातल्या माणसाला कोण अडवणार? त्याला शिवायचंसुद्धा नसतं." बोलून गेल्यावर सटवाजीने जीभ चावली.

तोवर गोजराने डोक्यावरून पदर ओढला होता. "मला सुतक आहे. बाजूला व्हा," ती म्हणाली. शिपाई भाले सावरत मागे सरले. वाट आईच्या गल्लीवरूनच जात होती आणि तिचे पाय तिकडेच ओढ घेत होते. पण पोच नसली तर आजची भेट शेवटची, हे तिला कळत होतं. काळजावर दगड ठेवून ती सरळ दरबारात गेली.

"महाराज, आपल्या राज्यातली गोजरा रंगारीण गेली. तिचा परवाना जमा करून घ्या."

"अरेरे," राजा म्हणाला. "तू तिची कोण?"

"मीच ती. माझ्याहून जवळचा नातलग तिला कुठून मिळणार?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. राजाच्या भुवया वर चढल्या. "जिवंत बाई माझ्यासमोर उभी राहून मेले म्हणते?"

"मी नाही म्हणत, आपण म्हणता. राजाचा शब्द खोटा पाडायची माझी काय हिंमत?"

राजाने कायदा मागवला आणि ती ओळ वाचली. अक्षर त्याचंच होतं. दुसरा कुणी असता तर तिथेच वरमला असता, पण मानधवल राजा हट्टाला पेटला. "मेलीस ना? मग तुला मरताना ज्याने पाहिलं, असा साक्षीदार आत्ताच्या आत्ता उभा कर. नाहीतर कायमची हद्दपार. पुन्हा या राज्याचं तोंड बघायचं नाही."

गोजराची जीभ मात्र अडली नाही.

"उभा कशाला करायचा, महाराज? तो सिंहासनावर बसलाय."

"मी?"

"आपणच. कुसुमपुरात मी जिवंत आहे, आईच्या लेखी जिवंत आहे. मी मेले हे साऱ्या जगात एकट्या आपल्यालाच ठाऊक. साक्ष देत असाल तर परवाना घ्या आणि पोच द्या. देत नसाल तर मी जिवंत, म्हणजे अजून आपलीच प्रजा, आणि आपल्या प्रजेला वेस बंद नाही. काय ते आपण ठरवा. दोन्हीकडून मी आईकडेच जाते."

राजाने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तो जो हसत सुटला, तो डोक्यावरचा मंदिल मांडीवर पडला तरी थांबेना. हसता हसताच त्याने पोचेवर मोहोर उठवली, ती खालची ओळ आपल्या हाताने खोडली, आणि गोजराने हवं तेव्हा माहेरी यावं, तिला कुणी काही विचारू नये, असा हुकूम सोडला.

"पण एक राहिलं," तो डोळे पुसत म्हणाला. "एवढी मेलीस, तर तुझं तेरावं कुणी घालायचं?"

"मयत निंबगडची, तेव्हा जेवण राजवाड्याचं," गोजरा म्हणाली. "फक्त पंगत आईच्या अंगणात मांडा, तिला चालवत नाही. वाढायला मी आहे."

तेराव्या दिवशी खरोखरच वाड्यावरून लाडवांच्या पराती आल्या. म्हातारी अंथरुणातून उठून अंगणात येऊन बसली. लेकीला तिने वाढू दिलंच नाही, आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि तिच्या पानात पाचवा लाडू ठेवला.

"खा गं," ती म्हणाली. "नदी ओलांडून स्वतःच्या तेराव्याला आलीस, उपाशी नको जाऊस."