द्यूतमहालाची भरपाई

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि डोंगर ऐकत, वीरकेतु नावाचा राजा होता. मनाचा वाईट नव्हता, उतावळा मात्र होता. लांबलेल्या युद्धाने कोष रिता झाला, तेव्हा मायाधर नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"राजा, मला मक्ता दे. टेकडीवर द्यूतमहाल उभारतो. लोक हौसेने खेळतील, तुझा कोष आपोआप भरेल."

कराराच्या शेवटी एक ओळ होती : राजाने मक्ता मोडल्यास भरपाई राज्य देईल. राजाने ती वाचली, आणि तरीही मुद्रा उठवली.

महाल उभा राहिला. त्यातले फासे माणसाला नावाने हाक मारत. विणकर माग हरून परतले, नावाडी नावा हरून परतले. लोक जे हरत ते सारं महालाच्या भिंती गिळत. कोषात काहीच येईना. वर्ष सरण्याआधी राजाने महालाला कुलूप ठोकलं.

मायाधर पुन्हा दरबारात उभा राहिला. "भरपाई."

"माझ्या कोषात उरलंसुरलं आहे ते घे."

"करारात कोष नाही, राज्य लिहिलं आहे. आणि राज्य म्हणजे प्रजा."

त्याने काठी आपटली, आणि राज्यातल्या साऱ्या विहिरी कडू झाल्या. राजवाड्यातलं तळं तेवढं गोड राहिलं. राजाने ते सर्वांना खुलं केलं. पण घागर वाड्याच्या दाराबाहेर पडली की तेही पाणी कडू होई. मग राजाला ते गोड पाणी घशाखाली उतरेना. त्याने मुकुट सिंहासनावर ठेवला आणि तो एकटाच मायाधराच्या शोधात निघाला.

रानाच्या तोंडाशी बाभळीवर एक भारद्वाज बसला होता. "मायाधर काळ्या कड्यावर राहतो," तो म्हणाला. "तिथे खोटं बोललास तर दगड होशील. वाटेत दिसतात ते दगड आधी माणसंच होती."

राजा कडा चढला. मायाधर म्हणाला, "विहिरींची गोडी परत हवी? मग तीन कामं कर. पहिलं, राज्याच्या टोकाच्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदून आण. घोडा नको, सेवक नको."

राजा पायी गेला. त्या टोकाच्या गावात चांगुणा नावाची बाई तान्ह्या मुलाला चिंचेचं पाणी चमच्याने पाजत होती; नुसतं कडू पाणी ते थुंकून टाकी. तिने राजाला ओळखलं, पण ती उठली नाही. विहिरीकडे बोट दाखवलं, इतकंच. शेंदताना राजाच्या तळहातांची सालं निघाली.

मायाधराने घागर पाहिली. "आता दुसरं. त्या बाईने तुला क्षमा केली का, विचारून ये."

राजा पुन्हा तितकीच वाट तुडवत गेला. चांगुणा म्हणाली, "आमच्या घरातलं कुणी त्या महालाची पायरीसुद्धा चढलं नाही, महाराज. तरी हे लेकरू तहानलेलं. आज क्षमा मागू नका. माझ्यापाशी नाही ती."

परत आल्यावर कड्यावरच्या दगडांकडे पाहत राजा म्हणाला, "नाही केली."

मायाधराच्या भुवया वर गेल्या. त्याने शुभ्र फासे पुढे ठेवले. "तिसरं काम सोपं आहे. एक डाव खेळ. जिंकलास तर विहिरी गोड. हरलास तर नद्याही माझ्या."

फासे हळूच पुटपुटले, "वीरकेतु, वीरकेतु." राजाचा हात पुढे झाला. एकच डाव, आणि सारं पूर्ववत होईल! तेवढ्यात सोललेला तळहात फाशाला लागला आणि झोंबला. राजाने हात मागे घेतला.

"नद्या माझ्या नाहीत," तो म्हणाला. "विहिरीही नव्हत्या. मी त्या तेव्हाच पणाला लावल्या होत्या, मुद्रा उठवली तेव्हा. पुन्हा लावणार नाही."

"मग भरपाई कोण देणार?"

"मुद्रा माझी, भरपाईही माझी. माझं स्वतःचं जे असेल ते घे."

मायाधर पुढे आला. मग त्याने दोन बोटं राजाच्या जिभेला लावली. "तुझ्या जिभेची गोडी घेतली. पुन्हा मिळणार नाही."

फासे तडकले. कड्यावरचे दगड एकेक करून माणसं झाले आणि आपापल्या घरची वाट धरू लागले. खाली राज्यभर विहिरींवर गलका उठला.

राजधानीत परतून राजाने द्यूतमहाल उतरवला आणि भिंतींतून निघालेले माग नि नावा ज्याच्या त्याला दिल्या. पुढे त्या राज्यात कोणताही करार चावडीवर मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज त्यावर मुद्रा उठेनाशी झाली.

एकदा राजा फिरत फिरत टोकाच्या गावी गेला. चांगुणाने ओट्यावर घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं.

"गोड आहे ना, महाराज?"

राजाने तांब्या रिता केला. "थंड आहे," तो म्हणाला. "फार थंड आहे."

चांगुणाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सारं उमगलं. तिने तांब्या पुन्हा भरला, त्याच्या हाती दिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसली.