सगुणा शिंपिणीचे बिल्ले

करंजगडच्या चंडेराव महाराजांचा पारा चढला तो एका लुगड्यावरून! लुगडं होतं सगुणा शिंपिणीचं, आणि त्याच्या पदरावर चार बिल्ले शिवलेले होते.

आता बिल्ला म्हणजे काही बाजारात मिळणारी चीज नव्हे. गडावरच्या आखाड्यात पोरं पोहायला, झाडावर चढायला, गाठी मारायला, म्हशीची धार काढायला शिकायची. उस्तादांनी परीक्षा घेतली आणि पोरगं पास झालं, की त्या विद्येचा कापडी बिल्ला त्याच्या छातीवर चढायचा. हे बिल्ले शिवायची सगुणा. तीस वर्षं बाई दुसऱ्यांच्या पोरांसाठी मासे, झाडं नि म्हशी भरत बसली. पन्नाशी उलटली तेव्हा तिच्या डोक्यात आलं, आपल्याला यातलं एक तरी येतं का? मग काय विचारता! पाठीला भोपळे बांधून तिने विहिरीत उडी टाकली. जांभळीवर चढली, दोनदा पडली, जावई फिदीफिदी हसला, तरी चढली. एकेक विद्या हातात आली, की एकेक बिल्ला शिवून तिने पदराला लावला. कुणाला विचारलं? कुणाला नाही!

खुद्द महाराजांच्या छातीवर छत्तीस बिल्ले होते. सगळे बारशालाच मिळालेले. पण ते बोलायचं कुणी? आपलं डोकं कुणाला जड झालंय?

सगुणेला दरबारात उभं केलं. परीक्षा कुणी घेतली, असं महाराजांनी दरडावून विचारलं. ती म्हणाली, "पोहण्याची पाण्याने घेतली, चढण्याची झाडाने. गाठींची बोचक्यांनी नि धारेची म्हशीने. उस्ताद पोरांनाच घेतात, महाराज, म्हाताऱ्यांना कोण विचारतो?"

महाराज एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. त्यांनी हुकूम सोडला, "दोन दिवसांत असा परीक्षक आणून दाखव, जो लाच खात नाही, भीड धरत नाही आणि वेळ आली तर आम्हालाही तोंडावर नापास करील. नाही आणलास, तर बिल्ले उसवायचे आणि कात्री सरकारजमा!"

दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. असा माणूस करंजगडात असता तर केव्हाच वेशीबाहेर हाकलला गेला असता. सगुणा घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली. कात्री गेली तर पोटाचं काय, ही काळजी होतीच. पण ते चार बिल्ले उसवायचे म्हटल्यावर तिला जास्त लागलं. मग तिने डोळे पुसले आणि शेजारच्या गवळ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती वाड्याच्या चौकात हजर झाली. हातात दावं, दाव्याला गवळ्याची गेंदी म्हैस. कारभारी बाबाजीपंतांनी नाकाला उपरणं लावलं. हाच आपला परीक्षक, असं सांगून सगुणा उकिडवी बसली आणि चरवी गुडघ्यांत धरली. चुळुक चुळुक धारा सुटल्या. दोन सडांचं दूध काढलं, दोन सड राखले आणि ती उठली.

महाराज म्हणाले, ही म्हैस तुझ्या ओळखीची, तिने भीड धरली. हे चालायचं नाही.

"ती मला ओळखत नाही, महाराज, माझं लुगडं ओळखते," सगुणा म्हणाली. "गवळीण माहेरी गेली की गवळी तिचंच लुगडं नेसून धार काढतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझं तुम्ही नेसा. भीडच असेल, तर तुम्हालाही दूध देईल. शिवाय धारेचा बिल्ला तुमच्या छातीवर आहेच की."

आली का पंचाईत! सगळा दरबार बघतोय, मागे कसं सरायचं? सगुणा आत जाऊन दासीचं लुगडं नेसून आली आणि आपलं पंतांच्या हाती दिलं. पंतांनी ते महाराजांच्या अंगरख्यावरूनच गुंडाळलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला, मिशा आत कोंबल्या. गेंदीने हुंगून पाहिलं आणि निवांत रवंथ करू लागली. फसली बिचारी!

महाराज नवी चरवी घेऊन बसले आणि देवळातली घंटा वाजवावी तसा त्यांनी सड ओढला. पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही. चरवी गेली तुळशीवृंदावनापाशी आणि महाराज गेले शेणात.

महाराज उठले, पदराने शेण पुसायला गेले आणि पदरावरचे बिल्ले पाहून थांबले. एवढं झालं तरी हट्ट काही सुटेना.

"परीक्षक आम्हाला मान्य," ते म्हणाले. "पण ज्याच्या अंगावर बिल्ला त्याची विद्या, हा आमच्या दरबाराचा कायदा आहे. तुझे चारही बिल्ले आत्ता आमच्या अंगावर आहेत, म्हणजे ते आमचे झाले. आता बोल."

सगुणा शांतपणे म्हणाली, "मग धारेचे दोन बिल्ले झाले, महाराज. एक छातीवरचा तुमचा, एक पदरावरचा माझा. आणि चरवीत थेंब नाही."

महाराजांनी चरवीकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, गेंदीकडे पाहिलं. आणि जे हसत सुटले, ते पोट धरून पुन्हा शेणातच बसले! मग दरबारालाही हसायची मुभा मिळाली.

बसल्या बसल्याच त्यांनी छातीवरचा धारेचा बिल्ला उपटून काढला. गेंदीला राजपरीक्षक नेमलं, रोजची सरकी-पेंड सरकारातून लावून दिली. यापुढे बिल्ल्याला वयाची अट नाही, अशी दवंडी पिटायला सांगितली. सगुणेचे चारही बिल्ले त्यांनी स्वतः उसवून तिच्या ओंजळीत ठेवले आणि वर नवं कोरं इरकली लुगडं दिलं. जुनं मात्र परत केलं नाही. उद्या सकाळपासून त्यांना गेंदीकडे शिकायला जायचं होतं.