शेवटच्या प्रसारणाची संध्याकाळ

"...पण तिथे काहीच लागत नसताना तुम्ही ऐकताय तरी काय, चाचा?"

हृषीकेश ओगलेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

याकूबचाचांनी जुन्या सेटची चकती केसभर फिरवली आणि पुन्हा कान लावला. आतून नुसती खरखर येत होती.

"असू दे," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

याकूब परकार एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर ते श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले. घराला पाठीशी डोंगर, पुढे वाळू, आणि दोन माडांच्या मधे ताणलेली तांब्याची एक लांब तार. दूरदेशीची रेडिओ स्टेशनं पकडण्याचा छंद असलेली माणसं कुठून कुठून त्यांच्याकडे येत. चाचा सगळ्यांना चहा देत. शिकवत मात्र काहीच नसत.

हृषीकेश पुण्याहून आला होता. वय चौतीस, कॉम्प्युटर इंजिनियर. अकराशे स्टेशनं त्याने पकडली होती. शिकायला आलोय, असं तो म्हणाला. पण गाडीतून सामान उतरवताना तो शिकवायला आल्यासारखा दिसत होता.

आल्या आल्या त्याने चाचांच्या टीव्हीला एक काळा डबा जोडला. मीडिया प्लेयर. तळहाताएवढाच.

"तुमच्यासाठी आणलाय. तुमच्या त्या बेटावरच्या स्टेशनची, जगभरातून मिळतील तेवढी रेकॉर्डिंग्ज यात भरलीत. तीनशे तास. हवं तेव्हा ऐका."

चाचांनी डबा उचलून कौतुकाने उलटापालटा करून पाहिला.

"मला हवं तेव्हा?"

"हो!"

"आणि तिला बोलावंसं वाटेल तेव्हा?"

हृषीकेश हसला. म्हाताऱ्या माणसाने काहीतरी गंमत केली, असं त्याला वाटलं.

ती म्हणजे हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या स्टेशनची निवेदिका. चोवीस वर्षं चाचा तिचं ऐकत होते, आधी जहाजावर आणि मग इथे. एकदा त्यांनी तिला पत्र पाठवलं होतं, तर तिने ते प्रसारणात वाचून दाखवलं आणि याकूबचं जेकब केलं. पुढे कितीतरी दिवस घरात चाचींनी त्यांना जेकब म्हणूनच हाक मारली.

ते स्टेशन आज बंद होणार होतं. संध्याकाळी सहा ते साडेसहा, शेवटचं प्रसारण. म्हणूनच हृषीकेश आजचा दिवस धरून आला होता. त्याच्या अकराशेत हे एक नव्हतं.

"रेकॉर्डिंग करतीलच कोणी ना कोणी," तो म्हणाला. "पण ते आपण पकडलेलं नसेल."

हे मात्र चाचांना पटलं. त्यांनी मान हलवली.

पाच वाजता हृषीकेशने माडांवरची तार आपल्या यंत्राला जोडली. यंत्र लॅपटॉपला. पडद्यावर निळ्या-पिवळ्या लाटा सरकू लागल्या. कानांवर हेडफोन चढवून तो बसला.

चाचांनी पलीकडच्या टेबलावर आपला जुना सेट लावला. खरखरीपुरती त्याला खिडकीतून बाहेर सोडलेली हातभर वायर पुरत होती; ते लांबचं स्टेशन त्यावर लागलं नसतं. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून ते ऐकत बसले.

तेव्हाच हृषीकेशने तो प्रश्न विचारायला सुरुवात केली होती.

"माझ्याकडे बघा," तो म्हणाला. "ही खरखर आम्ही आधीच काढून टाकतो. प्रोग्रॅम मीच लिहिलाय. कडकड झाली, की त्याला कळतं. कापून फेकतो तो. मागे उरतो फक्त आवाज."

त्याने एक हेडफोन चाचांच्या कानाला लावून दाखवला. आत स्वच्छ, गुळगुळीत शांतता होती.

"वा," चाचा मनापासून म्हणाले. "जहाजावर असं असतं तर झोप तरी लागली असती."

आणि ते पुन्हा आपल्या खरखरीपाशी जाऊन बसले.

कडक्.

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

...

कडक्.

पुन्हा घड्याळाकडे.

खिडकीतून समुद्र दिसत होता. ऑक्टोबरचा मऊ, सोनेरी उजेड. आभाळात बोटभर ढग नाही. किनाऱ्यापासून बऱ्याच आत एक छोटी होडी पाण्यावर हलत होती.

"दाम्या गेलाय जाळं काढायला," चाचा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "बरोबर तिघं आहेत."

हृषीकेशला ऐकू गेलं नाही. सहाला दहा मिनिटं होती.

सहाला पाच.

कडक्. कडक्... कडक्.

हृषीकेश एकदम ताठ झाला. पडद्यावर एक बारीक रेघ उमटली होती. हेडफोनमधे, फार फार लांबून, बासरी वाजत होती. त्या स्टेशनची सुरुवातीची धून.

"आली! चाचा, आली! या लवकर!"

त्याने हेडफोन काढून हात लांब करून त्यांच्यापुढे धरला. 

चाचा उठून आले. त्यांचा हात हेडफोनच्या दिशेने वर आला... हेडफोनपाशी थांबला... आणि त्याच्या शेजारून पुढे गेला.

त्यांनी यंत्रातून तारेची पिन उपटली.

पडद्यावरची रेघ गेली.

"चाचा!!"

"डोंगरामागून विजा येतायत," चाचा म्हणाले. "सेटवर मघा चार-पाच मिनिटांनी एक कडकत होती. आता मिनिटाला तीन. तू पळ. वाळूवर सुंदराबाई असेल, दाम्याची आई. तिला म्हणावं, पोराला परत बोलाव. नंबर माझ्याकडे नाही, आणि माझे गुडघे पोचायचे नाहीत."

"आभाळ तर साफ आहे!"

"समुद्राकडचं."

"अर्धाच तास, चाचा! अर्ध्या तासाने ते स्टेशन जगात नसेल!"

"ठाऊक आहे रे मला."

चाचांनी तारेचं टोक खिडकीबाहेर टाकून दिलं. मग हृषीकेशच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड नव्हता, पण तो ढकलणारा होता.

"पळ."

हृषीकेश पळाला. रागाने पळाला, पण पळाला.

सुंदराबाई वाळूवर पसरलेल्या जुन्या जाळ्यांवर सुकत घातलेला जवळा खालीवर करत होती. धापा टाकत त्याने निरोप सांगितला. तिने आभाळाकडे पाहिलं नाही, डोंगराकडेही नाही. कमरेचा फोन काढला.

"दाम्या, सोड जाळं. ये परत... साफ आहे ते मला पण दिसतंय. चाचानं सांगितलंय."

पलीकडून पुढे काही विचारलं गेलं नाही. होडीचं तोंड वळताना हृषीकेशला इथूनच दिसलं.

"उभा काय राहिलास?" सुंदराबाई त्याच्यावर ओरडली. "ते टोक धर!"

त्याने टोक धरलं. जाळ्याचे चार कोपरे एकत्र, गाठ, उचल, आणि छपराखाली. दुसरं जाळं. तिसरं. बायका धावत येत होत्या. कोण पाहुणा आणि कोण गावचा, हे बघायला कोणालाच वेळ नव्हता. जवळ्याचा बारीक चुरा त्याच्या शर्टात, केसांत, चष्म्यावर बसला. आठव्या गाठोड्याला वारा अचानक पडला.

मग डोंगराच्या माथ्यावरून ढग आले. काळे, घाईत, एखाद्याने पाठीमागून लोटावेत तसे. समुद्राचा रंग बघता बघता शिशासारखा झाला.

होडी अजून पाण्यात होती.

हृषीकेश वाळूवर उभा राहून तिच्याकडे पाहू लागला. ती चार माणसं त्याच्या ओळखीची नव्हती. तरी तो मनातल्या मनात वल्ही मारत होता. सुंदराबाईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. कधी धरलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

होडीचं पुढचं टोक वाळूला लागलं. चौघांनी खाली उड्या टाकल्या. होडी ओढायला हृषीकेशही गुडघाभर पाण्यात शिरला.

ते छपराखाली पोचले आणि पलीकडच्या टोकावरच्या सुरूच्या झाडावर वीज पडली. मधोमध. झाड उभं चिरलं.

 मग सुंदराबाईने दाम्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागली.

हृषीकेश भिजत घरी परतला. गावातली वीज गेली होती. चाचांनी कंदील लावला होता आणि स्टोव्हवर चहा ठेवला होता. त्याला बघून त्यांनी आधी कोरडा पंचा पुढे केला.

"चौघंही?"

"चौघंही."

चाचांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग चहा गाळला.

दोघं चहा प्यायले.

"साडेसहा वाजून गेले," हृषीकेश म्हणाला.

"हो."

"संपलं ते."

"हो."

...

"तुम्हाला वाईट नाही वाटलं, चाचा?"

"वाटलं ना. चोवीस वर्षं, बाळा." चाचांनी कपात पाहिलं. "शेवटी काय म्हणाली असेल, ते राहूनच गेलं."

पाऊस कौलांवरून सरळ धारेत पडत होता.

"त्या विजा माझ्या मशीनलाही ऐकू येत होत्या," हृषीकेश हळूच म्हणाला. "तुमच्या आधी. तुमच्यापेक्षा स्पष्ट. मीच त्याला त्या फेकायला शिकवलं होतं."

"चांगलं शिकवलं होतंस," चाचा म्हणाले. "पोरगं आज्ञाधारक आहे."

हृषीकेशला हसू आलं. तो बराच वेळ पंचाने चष्मा पुसत राहिला.

मग सवयीने त्याने बॅगेतून नोंदवही काढली. छंद लागल्यापासून एकही दिवस त्याने कोरा सोडला नव्हता. आजची तारीख लिहिली. स्टेशनचं नाव लिहिलं. पेन थांबलं.

"यात काय लिहू, चाचा? ‘ऐकलं नाही’ असं?"

चाचांनी रिकामे कप बाजूला सरकवले.

...

कुंपणापलीकडून, पावसातून, हाक आली.

"चाचा... आलो होऽऽ!"

दाम्या होता. डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून घरी चालला होता. चाचांनी कंदील उचलून खिडकीत धरला, दोनदा हलवला, आणि परत टेबलावर ठेवला.

हृषीकेशचं पेन अजून तसंच होतं.

चाचांनी कंदिलाच्या उजेडात घड्याळ पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "सहा वाजून बावन्न मिनिटं. आवाज खणखणीत."