धनेशिणीने नाकारलेली ढोली

शाळेच्या बाई तीनदा घरी येऊन गेल्या. "आजोबा, मुलांच्या अंकासाठी एक बोधकथा द्याच." मी चौथीत शाळा सोडली, लिहिताना बोटं आखडतात, आणि बोध कुणालाच नको असतो हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो. पोरांनो, मधे बोलायचं नाही.

डोंगरउतारावरच्या एका रानात धनेश पक्ष्यांचं जोडपं राहत असे. धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, त्यातून नर तिला फळं भरवतो. आत तिच्या पंखांची पिसं गळतात. तीन-चार महिने तिला उडता येत नाही. म्हणजे झाडाने दगा दिला, तर आई आणि पिल्लं, दोन्ही गेली.

एका शेकरूच्या ताब्यात जुन्या सातविणीची ऐसपैस ढोली होती. धनेश बघताक्षणी भुलला. विसार म्हणून वीस उंबरं देऊन मोकळा झाला आणि रानभर सांगून आला.

धनेशीण बघायला गेली, तेव्हा शेकरू शेपटीने ढोली झाडत होता. "बघा वहिनी, कशी लख्ख!"

"टापटिपीचा आहे हो," धनेश म्हणाला.

धनेशीण समोरच्या फांदीवर टेकली. नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने ढोलीत पुन्हा पिवळा भुसा साचला. शेकरूने तो घाईघाईने पुन्हा झाडला.

"मी सुतार पक्ष्याला बोलावते," ती म्हणाली.

"त्याला कशाला? तो ठोकेल तिथे भोक पडतं!"

"पडू दे."

सुतार आला. खालपासून ठोकत वर गेला. वर टणटण वाजलं, ढोलीखाली बद्द. तिथली साल उचकटून त्याने एक जाड पांढरी अळी गिळली. मग दुसरी. मग तिसरी. "बाई, मला विचारशील तर ही लग्नाची पंगत आहे, मी रोज जेवायला येईन. पण राहायचं म्हणशील, तर बुंधा आतून पोखरलाय. यंदा पडेल की दहा वर्षांनी, ते मला सांगता यायचं नाही."

"ऐकलंत? दहा वर्षं!" शेकरू ओरडला.

धनेश कळवळला. "अगं, विसार दिलाय. सगळ्यांना सांगून झालंय. आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील?"

"अहो, झाड कलंडलं तर तुम्ही उडाल. मी कशाने उडू? उंबरं त्याला लखलाभ. मी या ढोलीत बसणार नाही."

शेकरूचा गोडवा संपला. "अंडी घालायची वेळ आली, आता दुसरी ढोली कुठून आणशील गं?"

"नाही मिळाली तर यंदा अंडी नाहीत."

आठ दिवस दोघं रान धुंडाळत होती. आठव्या दिवशी एका बेहड्यात ढोली सापडली. अरुंद, वाकडी, दुपारचं ऊन थेट आत. सुताराने बुंधा वरखाली ठोकला आणि चिडून निघाला. "एक अळी नाही मेल्या झाडात! फुकट चोच झिजवली."

धनेशिणीने लगेच चिखल मागवला.

आता तुम्ही विचाराल, सातवीण पडली का? नाही पडली. उभीच होती. शेकरू येताजाता धनेशाला डिवचायचा, "काय रे, कधी पडतंय आमचं झाड?" एकदा धनेश फटीपाशी येऊन कुरकुरला, "अगं, सगळे हसतायत आपल्याला."

आतून आवाज आला, "हसू द्या. काल सोसाट्याचं वारं सुटलं, तेव्हा मी गाढ झोपले होते."

तात्पर्य : शब्द देऊन बसलो म्हणून किडक्या घरात शिरू नये. ज्याला आत राहायचं, त्याने ठोकून बघावं आणि नाही म्हणायला लाजू नये. ओल्या भिंती बघून मी घराचा व्यवहार मोडला, तेव्हा चारचौघांत मला भित्रा म्हणणाऱ्याने अजून माफी मागितलेली नाही. माझा साडू आहे तो, त्र्यंबक साबडे.