मोहरीएवढी खूण

फार वर्षांपूर्वी राजाच्या टांकसाळीत चांदीच्या एका कोऱ्या चकतीने विचारलं, "मला नाणं कोण करणार?"

"मी! राजाचं नाव माझ्यावरच कोरलंय," ठसा म्हणाला.

"आणि घाव काय तुझा आजा घालतो?" हातोडा खेकसला.

घाव बसला. चकती चमकली. तराजूने मात्र तिला तोलून विचारलं, "गुंजभर हलकी आहे. हिला कुणी केलं?"

ठसा हातोड्याकडे पाहू लागला. हातोड्याने तोंड फिरवलं. चकती घाबरली.

तेव्हा तिच्या कडेला उमटलेला मोहरीएवढा ठिपका बोलला, "मी टांकसाळीच्या प्रमुखांची खूण. चूक आमची. हिला पुन्हा ओता."

चकती पुन्हा ओतली, वजनात पुरी उतरली. नवा घाव बसताच राजाचं नाव वाचण्याआधी तिने तो ठिपका चाचपून पाहिला.