महाराजांच्या होडीचं होकायंत्र

"होडीत मावेल, पाण्यानं बिघडणार नाही, दिशा खरी दाखवेल आणि माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, असं होकायंत्र उद्या दरबारात हजर करा! नाहीतर हरबा तांडेल कोठडीतच राहील!" शिंपलगडचे उदयभान महाराज कडाडले.

झालं होतं असं. महाराज छोट्या होडीतून समोरच्या बेटावर वनभोजनाला निघाले. होडी हरबाची, होकायंत्रही त्याचंच. हरबा घसा फोडून सांगत होता, "महाराज, बेट डावीकडं!" पण महाराजांनी मांडीजवळच्या होकायंत्राकडं पाहिलं आणि होडी उजवीकडं वळवायला लावली. ती लागली थेट सासुरवाडीच्या धक्क्याला! जिथं पुन्हा पाऊल ठेवणार नाही अशी भर दरबारात शपथ घेतलेली, तिथं! सासूबाई ओवाळायचं तबक घेऊन आल्या नि म्हणाल्या, "या, या! आज वाट चुकलात वाटतं?"

खरीच चुकली होती, पण कबूल कोण करणार? राग निघाला बिचाऱ्या हरबावर.

दुसऱ्या दिवशी दरबारात दिवाणजींनी दोन भारी यंत्रं मांडली. तेवढ्यात हरबाची मुलगी चांगुणा पुढं आली. "महाराज, यंत्र मी निवडते. बरोबर निघालं तर माझ्या बाला सोडा."

"आणि चुकलं तर?"

"तर मलाही त्याच्याशेजारी बसवा!"

तिनं घंगाळभर पाणी मागवलं आणि मुदपाकखान्यातली भाकरीची काठवट त्यात तरंगवली. "ही तुमची होडी. ठेवा, दिवाणजी!"

दिवाणजींनी उखळाएवढं पितळी यंत्र ठेवलं. काठवट बुडाली!

दुसरं होतं मखमली पेटीत. चांगुणानं त्यावर चूळभर पाणी उडवलं, तशी आतली कागदी तबकडी फुगून वर आली.

"अगं, राजवाड्यात हे उत्तम चालतं!" दिवाणजी ओरडले.

"मग महाराजांनी राजवाड्यातच वल्ही मारायची का?"

दरबार खुदकन हसला. चांगुणानं ओच्यातून मुठीएवढं होकायंत्र काढलं. त्यावर पाणी ओतलं, काठवट पुन्हा तरंगवून तीत ठेवलं नि गदागदा हलवलं. काहीही झालं नाही.

"हे तर तुझ्या बापाचं!" महाराज भडकले. "यानंच मला सासूच्या दारात नेलं!"

"जरा जवळ येऊन बघा तरी!"

महाराज वाकले. कमरेची तलवार काठवटीला टेकली आणि काटा गर्रकन तलवारीकडं वळला! महाराज इकडं सरकले, काटा इकडं. तिकडं सरकले, काटा तिकडं!

"बघा, किती आज्ञाधारक!" चांगुणा म्हणाली. "आम्ही होडीत साधी कोयतीसुद्धा याच्याजवळ ठेवत नाही. लोखंड दिसलं की हे उत्तर विसरतं."

महाराज गोरेमोरे झाले. जेवतानाही ते तलवार सोडत नसत. ती उतरवा म्हणणाऱ्या जुन्या सेनापतीला त्यांनी घरी बसवलं होतं. "हे तुझ्या बापानं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बेट डावीकडं आहे एवढंच सांगितलं, तर कोठडी मिळाली. तलवार लांब ठेवा म्हणाला असता, तर काय मिळालं असतं?"

महाराजांनी दिवाणजींकडं पाहिलं. त्या दिवशी तेही होडीत होते. दिवाणजी आपले जोडे न्याहाळू लागले.

महाराजांनी तलवार काढून त्यांच्या हातात कोंबली आणि लांब उभं केलं. काटा उत्तरेला स्थिर झाला. पण हट्ट जाईल तर ते महाराज कसले! "माझी अट विसरू नकोस, पोरी! खरं बोलणारं हवं आणि माझ्या शब्दाबाहेर न जाणारंही!"

"दोन्ही करतं की! तलवार जवळ असली की तुमच्या मनासारखं, लांब ठेवली की खरं. अगदी तुमच्या दरबारासारखं, महाराज! फरक एवढाच, की हे मुठीत मावतं आणि पगार मागत नाही!"

दरबारी हळूच दाराकडं सरकू लागले. पण महाराजांनाच हसू फुटलं! हसता हसता त्यांना ठसका लागला. "सोडा हरबाला! आजपासून तो आमचा मुख्य तांडेल. आणि या पोरीला नवी होडी द्या!"

पुढच्या वनभोजनाला महाराज हरबाच्या होडीतून सरळ बेटावर पोचले. बऱ्याच मागून दुसरी होडी येत होती. तीत दिवाणजी महाराजांची तलवार मांडीवर घेऊन, नवं होकायंत्र बघत, मोठ्या ऐटीत निघाले होते सासूबाईंच्या धक्क्याकडं!