पाटावरचा माणूस

"मग त्यांनी होडी हलवली का नाही, अप्पा? कुणी हात बांधले होते का त्यांचे?"

फौजदार सारंग देवकाते विचारत होता. मठात महाप्रसादाची धांदल होती. मठाचे वृद्ध स्वामी, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, मांडवाच्या मधोमध पाटावर बसले होते. मठाचा सगळा कारभार त्या पाटावरूनच चाले.

महिन्यापूर्वीच्या पुरात देवकातेनं उडी मारून एका म्हातारीला बाहेर काढलं होतं. पेपरात फोटो आला. फोटो खराच होता. पण त्याच वेळी कुंभारगल्लीत भिंत पडून नवराबायको गेले, आणि मुलाणी व गेजगे हे दोन शिपाई होडी घेऊन घाटावर नुसते उभे राहिले. त्या दोघांना निलंबित करावं, असा रिपोर्ट देवकातेनं लिहिला होता. तो आजच वर पाठवायचा होता. सही मात्र होत नव्हती.

"होड्या किती होत्या?" अप्पांनी विचारलं.

"एकच."

"आणि बोलावणी?"

"दोन. एक शाळेतून, एक कुंभारगल्लीतून."

"आधी कुठं जायचं, ते कुणी सांगायचं होतं?"

"मी. विचारल्याशिवाय होडी हलवू नका, म्हणून मीच बजावलं होतं. वायरलेस जीपमध्ये टाकून मी पाण्यात होतो... पण अप्पा, त्यांना डोळे होते की नाही?"

अप्पा पाटावरून उठले.

"मी जरा पाठ टेकतो. तू बस इथं. ज्याला जे विचारायचं ते तुलाच विचारतील. मी येईपर्यंत उठू नकोस."

देवकातेला हसू आलं. वीस गावांचा बंदोबस्त सांभाळणाऱ्या माणसाला खिरीची राखण. पण अप्पांचा शब्द, म्हणून बसला.

"साहेब, पत्रावळी कमी पडतायत."

"शेजारच्या वाडीतून मागवा."

"पाणी कुठल्या पंगतीला आधी?"

"उन्हातल्या."

सोपं होतं सगळं.

एवढ्यात चुलाणावरची कढई कलंडली. उकळती खीर आचाऱ्याच्या पायावर सांडली. चारजण त्याच्याकडे धावले. देवकाते त्यांच्याही पुढं. त्यानं आचाऱ्याला उचललं, नळाखाली पाय धरला, जीपमधून दवाखान्यात धाडलं. काम चोख झालं, नाही कोण म्हणेल? लोकांनी पाठ थोपटली.

खिरीनं माखलेला शर्ट पुसत तो मांडवात परतला.

पाटाभोवती चारजण उभे होते. पाट रिकामा.

"कुठं गेला होता, साहेब?" गंगव्वाचा आवाज कापत होता. बायकांच्या पंगतीची व्यवस्था तिच्याकडं होती. "बायकांच्या दाराशी रेटारेटी चाललीय. एक पोरगी पडली. दार लावू का मागचं उघडू? केव्हाची उभी आहे मी."

देवकातेनं रिकाम्या पाटाकडं पाहिलं.

"मागचं उघड," अप्पा म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते, कोण जाणे.

गंगव्वा पळाली. थोड्या वेळानं तिकडचा गलका ओसरला. पोरगी रडत होती, पण धड होती. उरलेले तिघं अजून तिथंच उभे होते, आपापला प्रश्न घेऊन.

अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग देवकातेकडं.

"यांतल्या कुणाचा रिपोर्ट लिहितोस?"

देवकातेचे डोळे भरले. महिनाभर आवरलेलं होतं ते.

"म्हातारी डोळ्यांदेखत बुडत होती, अप्पा. मी बघत बसायचं होतं?"

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोहणारे किती होते तुझ्याजवळ?"

"...सहा."

देवकातेनं खिशातला रिपोर्ट बाहेर काढला.

"मुलाणी रोज ड्यूटीवर येतो," देवकाते म्हणाला. "मान खाली घालून सॅल्यूट करतो. मला वाटायचं, गुन्हेगार आहे म्हणून..." त्यानं रिपोर्टची घडी उलगडली. "ती दोन नावं मी खोडतो. पण मग नाव कुणाचं लिहू, अप्पा?"

"ते सावकाश लिही." अप्पांनी पाट त्याच्याकडं सरकवला. "आधी बस. माणसं खोळंबलीत."